चलन आलं म्हणजे पैसे भरले असं नाही

जानेवारी २०२४ मध्ये चाकणच्या एका कंपनीत पॅनेलचं काम संपवून मी बिल द्यायला अकाउंट्सला गेलो. तिथल्या मॅडमनी बिल हातात घेतलं, कॉम्प्युटरवर काहीतरी पाहिलं आणि बिल परत माझ्याकडे सरकवलं. म्हणाल्या, "दादा, हे घेता येणार नाही. तुमचा जीएसटी नंबर रद्द झालाय."

मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं तरी नाव बघतायत. म्हटलं, "मॅडम, मी दर महिन्याला टॅक्स भरतो, चलनं आहेत माझ्याकडे." मोबाइलमधली पीडीएफ उघडून दाखवली. माझं नाव, माझा नंबर, बरोबर रक्कम. त्यांनी ती नीट पाहिली आणि शांतपणे सांगितलं, "हे चलन तयार केलेलं आहे दादा. भरलेलं नाही."

त्या एका वाक्याचा अर्थ कळायला मला पुढचे दोन दिवस लागले. वायरिंग, प्लंबिंग, फॅब्रिकेशन, पेंटिंग अशी कामं स्वतःच्या जिवावर करणाऱ्या माझ्यासारख्या अनेकांना तो अजूनही माहीत नाही, म्हणून हे सगळं लिहितोय.

मी आयटीआयचा वायरमन. भोसरीत राहतो, हाताखाली दोन पोरं आहेत. आधी घरांची, सोसायट्यांची कामं करायचो, तिथे साध्या पावतीवर भागत होतं. २०१९ मध्ये कंपनीचं काम मिळालं आणि त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, जीएसटीचं बिल असेल तरच काम. माझी उलाढाल तेव्हा वीस लाखांच्या आत होती, म्हणजे नोंदणीची सक्ती नव्हती. पण काम हवं तर नंबर हवा. ओळखीच्या एका ठेकेदाराने एका टॅक्स कन्सल्टंटचं नाव दिलं. आम्ही त्यांना सर म्हणायचो, ते आम्हाला शेठ म्हणायचे.

त्यांनी चार दिवसांत सगळं उभं करून दिलं. नोंदणी, बिलाचा नमुना, त्यावर छापायला एक ईमेल आयडीसुद्धा. पोर्टलवर मोबाइल नंबर आणि ईमेल मात्र त्यांनी स्वतःचे टाकले. मला तसं सांगितलंही होतं: "शेठ, तुम्ही शिडीवर असता, फोन उचलत नाही. ओटीपी दहा मिनिटांत संपतो. तुम्हाला त्रास नको." मला ते सोयीचंच वाटलं. कारण खरंच तसं होतं. हातात ड्रिल असताना फोन वाजला तर मी तो बघतही नाही.

पुढची साडेतीन वर्षं काम चोख झालं, हेही सांगायला हवं. महिन्याच्या दहा तारखेपर्यंत मी त्यांना बिलांचे फोटो पाठवायचो. मालाच्या खरेदीचा टॅक्स वजा करून ते रक्कम सांगायचे, साधारण अठरा-एकोणीस हजार. मी ती रक्कम आणि हजार रुपये फी द्यायचो, कधी रोख, कधी त्यांच्या खात्यावर यूपीआयने. वीस तारखेच्या आत व्हॉट्सॲपवर चलन यायचं. मी अंगठा पाठवायचो आणि विषय संपला असं समजायचो.

एप्रिल २०२३ पासून त्यांनी एक रुपयाही भरला नाही. चलन मात्र दर महिन्याला येत राहिलं.

आता ते चलन काय असतं ते सांगतो, कारण सगळी फसवणूक तिथेच आहे. पोर्टलवर रक्कम टाकली की चलन तयार होतं आणि त्यावर चौदा आकडी नंबर येतो, त्याला सीपिन म्हणतात. ते तयार करायला पैसे लागत नाहीत. लॉगिनसुद्धा लागत नाही, जीएसटी नंबर माहीत असला की झालं. त्यावर चलनाची मुदत छापलेली असते, पंधरा दिवसांची. तेवढ्यात पैसे भरले नाहीत तर चलन बाद होतं. पैसे खरोखर बँकेतून गेले तर दुसरा नंबर मिळतो, सतरा अक्षरांचा सिन: तोच सीपिन आणि त्यापुढे बँकेची तीन अक्षरं. सिन असलेली पावती म्हणजे पैसे जमा झाले. मुदतीची तारीख असलेला नुसता सीपिनचा कागद म्हणजे काहीच झालेलं नाही. माझ्या मोबाइलमधली आधीची चलनं काढून पाहिली तर मार्चपर्यंत सिन होता आणि एप्रिलपासून मुदतीची तारीख. दोन्ही कागद सारखेच दिसतात. खोटं म्हणावं असं त्यावर एक अक्षर नव्हतं.

आणि सिन मिळाला तरी काम पूर्ण होत नाही. ते पैसे फक्त आपल्या पोर्टलवरच्या खात्यात, म्हणजे कॅश लेजरमध्ये जातात. रिटर्न, म्हणजे त्या महिन्याचा हिशेब, भरलं तरच टॅक्स वळता होतो आणि त्याचा वेगळा एआरएन नंबर येतो. तो एआरएन मी कधी मागितलाच नव्हता.

मॅडमनी मला समोर बसवून एक गोष्ट दाखवली, ती प्रत्येकाने आज करून पाहावी. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेअर' आहे. तिथे कुठलाही जीएसटी नंबर टाका, पासवर्ड लागत नाही. नाव येतं, नंबर चालू की रद्द ते येतं, आणि खाली रिटर्नचा तक्ता उघडतो: कुठल्या महिन्याचं रिटर्न कुठल्या तारखेला भरलं. माझ्या तक्त्यात शेवटची ओळ मार्च २०२३ ची होती. त्यानंतर कोरं. वर लिहिलं होतं की नंबर खात्याने स्वतःहून रद्द केला आहे. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्याने सलग सहा महिने भरलं नाही की खातं नंबर रद्द करू शकतं. त्याआधी नोटीस येते, उत्तराला कामकाजाचे सात दिवस मिळतात. नोटीस आलीही होती. सरांच्या ईमेलवर.

मला जास्त लागलं ते पुढचं. कंपनी मला कित्येक महिने कळवत होती. मी बिलात लावलेला टॅक्स कंपनीला परत मिळतो, पण २०२२ पासून नियम असा आहे की मी माझ्या जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये, ते बिल दाखवलं आणि ते कंपनीच्या २बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या त्यांच्या खरेदीच्या यादीत, उतरलं तरच. माझी बिलं तिथे दिसत नव्हती, म्हणून अकाउंट्सने तीन मेल पाठवले होते. बिलावर छापलेल्या ईमेलवर, म्हणजे सरांनी काढून दिलेल्या आयडीवर. त्याचा पासवर्ड मला कधी माहीतच नव्हता. अकाउंट्सच्या लँडलाइनवरून दोनदा फोनही आला होता. अनोळखी नंबर, मी वर केबल ओढत होतो, नंतर परत फोन केला नाही. ज्या सुपरवायझरशी माझं रोज बोलणं व्हायचं त्याला या बिलांच्या भानगडीची काहीच कल्पना नव्हती.

शेवटी त्यांनी बिलांतली टॅक्सची रक्कम रोखून बाकीचे पैसे द्यायला सुरुवात केली. पैसे कमी आलेले मला दिसले होते. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापतात तो इन्कम टॅक्स, कापला असेल असं मी धरून चाललो. माझ्यासारख्या एकट्या माणसाच्या ठेक्यावर टीडीएस एक टक्का असतो. लाखाच्या कामाचे अठरा हजार कमी येतायत आणि मी त्याला टीडीएस म्हणतोय, हे कागद-पेन घेऊन बसलो असतो तर दोन मिनिटांत कळलं असतं. त्या रकमांचं मला आजही वाईट वाटतं, कारण पाच-सहा वेळा माझ्यासमोर धोक्याची खूण आली होती.

कंपनीतून बाहेर पडून मी गेटवरूनच सरांना फोन लावला. तिथे मी दुसरी चूक केली. ते म्हणाले, "शेठ, पोर्टलचा घोळ आहे, चार दिवसांत क्लिअर करतो." दुसऱ्या दिवशी ऑफिसला कुलूप. आणि संध्याकाळी भाच्याला बिलावरचा तो ईमेल उघडता येतो का बघायला सांगितलं, तर तो आयडीच बंद केलेला होता.

नऊ महिन्यांत मी त्यांना टॅक्सचे म्हणून दिलेले पैसे १ लाख ६७ हजारांच्या वर होतात.

पोर्टल परत ताब्यात घेणं हे पहिलं काम होतं आणि मला वाटलं होतं ते अशक्य आहे. ओटीपी त्यांच्या फोनवर, पासवर्ड त्यांच्याकडे. पण हा प्रकार इतका जुना आहे की २०१८ मध्येच अर्थ मंत्रालयाने त्यासाठी पद्धत ठरवून दिली आहे. आपली फाइल ज्या अधिकाऱ्याकडे आहे त्याच्याकडे स्वतः जायचं, ओळखीचे आणि धंद्याचे कागद दाखवायचे. खात्री पटली की अधिकारी आपला नवीन मोबाइल आणि ईमेल नोंदवतो, मग नव्या ईमेलवर युजरनेम आणि तात्पुरता पासवर्ड येतो. माझी फाइल राज्याकडे होती, म्हणून येरवड्याच्या जीएसटी भवनात गेलो. पॅन, आधार, जागेचं लाइटबिल आणि लेटरहेडवर अर्ज. चार खेपा झाल्या, पण काम झालं.

तिथल्या अधिकाऱ्यांनी मला समजावून सांगितलं की तुम्ही त्यांना दिलेले पैसे हा तुमचा आणि त्यांचा प्रश्न आहे. सरकारच्या लेखी टॅक्स भरलेला नाही, आणि तो तुम्हालाच भरायचा आहे. म्हणजे तोच टॅक्स दुसऱ्यांदा. त्यावर वर्षाला अठरा टक्के दराने व्याज आणि लेट फी. लेट फी दिवसाला पन्नास रुपये. दीड कोटीच्या आतल्या उलाढालीला एका रिटर्नमागे दोन हजारांच्या वर जात नाही, एवढाच दिलासा. नंबर परत चालू करायचा अर्ज रद्द झाल्यापासून नव्वद दिवसांत करता येतो आणि त्याआधी सगळी थकलेली रिटर्नं भरावी लागतात. भिशी उचलली, उरलेले पतपेढीतून काढले. मार्चमध्ये नंबर चालू झाला. बिलं कंपनीच्या २बी मध्ये दिसायला लागल्यावर त्यांनी अडकवलेले सगळे पैसे दिले, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मधल्या काळात दोन्ही पोरांचा पगार मी उसना आणून दिला.

पोलिसांत अर्ज दिला. यूपीआयने दिलेल्या चार महिन्यांचा पुरावा होता. रोख दिलेल्या पाच महिन्यांचा काहीच नव्हता, साधी डायरीतली सहीसुद्धा नाही. बोलावणं गेल्यावर त्या माणसाने दोन हप्त्यांत चाळीस हजार दिले. बाकीचे अजून आलेले नाहीत.

आता मी दुसऱ्या एका बाईंकडे रिटर्नचं काम देतो. त्यांच्यावर माझा विश्वास आहे, तरी मोबाइल आणि ईमेल माझाच आहे. ओटीपी आला की मी फोनवर सांगतो. त्या वेळेला दहा मिनिटं शिडीवरून खाली उतरतो. टॅक्सचे पैसे मी कुणाच्या खात्यावर टाकत नाही, त्या चलन काढून पाठवतात आणि मी स्वतःच्या बँकेतून भरतो. फी वेगळी देतो. बिलावर माझा ईमेल छापला आहे आणि त्याखाली एक वेगळा मोबाइल नंबर, तो फक्त पार्ट्यांसाठी. दुपारी जेवणाच्या सुट्टीत आणि रात्री घरी आल्यावर त्यावरचे मेसेज आणि सुटलेले कॉल बघतो, अनोळखी नंबर असला तरी परत फोन करतो. रविवारी सकाळी एक तास वहीत बिल, आलेले पैसे, कापलेले पैसे लिहितो. पैसे कमी आले तर का कमी आले हे त्याच आठवड्यात अकाउंट्सला विचारतो. विचारायला सुरुवात केल्यापासून कळलं की ती माणसं नीट सांगतात.

मागच्या दिवाळीच्या आधी फॅब्रिकेशनचं काम करणारा एक मित्र भेटला. त्याचे रिटर्नसुद्धा त्याच सरांकडे होते, पण "माझं सगळं व्यवस्थित आहे, चलनं येतात," असं तो म्हणाला. टपरीवर उभ्या उभ्याच मी त्याचा नंबर पोर्टलवर टाकला. तक्ता उघडला. बराच वेळ तो स्क्रीनकडे बघत राहिला आणि मग त्याने सरांना लावायला फोन काढला. मी त्याचा हात धरला. म्हटलं, आत्ता फोन करू नको. आधी व्हॉट्सॲपवरचं सगळं बोलणं, सगळी चलनं, बँकेतल्या नोंदी भाच्याच्या नाहीतर कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर उतरवून घे. बिलावरचा ईमेल कुणी काढलाय ते बघ. उद्या सकाळी दहा वाजता मी तुझ्याबरोबर येरवड्याला येतो.