६०० रुपयांची खुर्ची

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात बसस्टँडपासून चालत पाच-सात मिनिटांवर, एका दुकानाच्या माडीवर मी जाते ती अभ्यासिका आहे. महिन्याचे ६०० रुपये. त्यात ठरलेली खुर्ची, तिन्ही बाजूंनी प्लायवूड लावलेलं टेबल, चार्जिंगचा बोर्ड आणि डोक्यावर पंखा. लॉकरचे ५० वेगळे. ते द्या, कारण रोज सगळी पुस्तकं एसटीत घेऊन चढायची म्हणजे पाठीचा कणा पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीच्या आधीच जातो. मुलींची खोली वेगळी आहे. कॅमेरा दाराबाहेर आहे, आत नाही. पैसे देण्याआधी मी हेच पाहिलं होतं.

मी बी.एस्सी. झालेली. पोलीस भरती आणि तलाठी, दोन्हीची तयारी करते. घरी अभ्यास होत नाही म्हटलं की लोकांना वाटतं जागा नसेल. जागा आहे, वरची खोली रिकामीच असते. पण घरी बसलेली पोरगी म्हणजे रिकामी पोरगी. लाइन आली की मोटर चालू करायला मी, मोठ्या आईचं केवायसी करायला मी, शेतातल्या बायांचा चहा पोचवायला मी. "घरीच तं आहे ते, पाठवा ना तिले!" पुस्तक हातात असलं तरी हेच. आता सकाळी डबा घेऊन निघाले की आजी विचारते, "चालली का वं ड्युटीवर?" आणि संध्याकाळपर्यंत कोणी फोन करत नाही. पैसे भरलेत म्हटल्यावर बाबांनाही ते पटतं. अभ्यासिकेच्या पाटीवर वायफाय, आरओ, शांत वातावरण असं बरंच लिहिलंय. माझे ६०० रुपये या एका गोष्टीवर वसूल होतात.

दिवसाला शिस्त लावली ती एसटीने. सकाळची गाडी चुकली की पुढची थेट दुपारी, म्हणून तिच्या आधीचं सगळं आपोआप जागेवर बसलं. पहाटे धावणं, मग आंघोळ, भाकरी-भाजी बांधणं, फाटा. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, म्हणून मला हे जाणं-येणं परवडतं. माझ्याच गावचे पोट्टे, म्हणजे मुलं, पूर्ण तिकीट देतात किंवा तिघं मिळून दारव्ह्यात रूम करतात. रूम केली की रात्री गप्पा आणि सकाळी झोप, हे त्यांच्याकडे पाहून सांगते.

धावायला गावचाच डांबरी रस्ता. पुलाच्या कठड्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत ४०० मीटर, चुलतभावाने सायकलच्या चाकाचे फेरे मोजून काढलेले. जाऊन-येऊन मैदानीतले मुलींचे ८०० मीटर होतात. अंधारात तो कठड्यावर मोबाइलचं घड्याळ लावून बसतो आणि कुत्री हाकलतो. २ मिनिटं ५० सेकंदांच्या आत आलं तर २० पैकी २० गुण. १०० मीटर आणि गोळाफेक यांना १५-१५. या ५० पैकी निम्मे नाही पडले तर लेखीचा पेपर हातात येतच नाही. म्हणून पुस्तकांच्या आधी पाय. अभ्यासिकेचे काका या बाबतीत शहाणे निघाले: जिन्याखाली मुलींसाठी ४ किलोचा आणि मुलांसाठी ७.२६ किलोचा गोळा ठेवलाय. वहीत नाव लिहायचं, न्यायचा, आणून ठेवायचा. असलं काही कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नसतं.

आत गेल्यावरचं माझं गणित सोपं आहे. अकरापर्यंत अंकगणित आणि बुद्धिमत्ता, कारण तोवर डोकंही थंड आणि खोलीही थंड. मग पेपर. मराठी तीन पेपर येतात, पण क्रीडा पान मुलांच्या खोलीत जातं ते परत येत नाही. जेवणं गच्चीच्या जिन्यात. आम्ही चौघी-पाच जणी डबे एकत्र उघडतो. एकीच्या ठेच्यावर सगळ्यांची भाकरी जाते.

आणि मग दुपार. खरं परीक्षण इथून सुरू करायला हवं होतं. विदर्भातल्या मे महिन्यात माडीवरचा पत्रा काय करतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. कुलर आहे, मोठा आहे, पण आवाज असा की शेजारीण पान उलटवते तेही ऐकू येत नाही. एका अर्थी बरंच आहे. लाइट गेली की इन्व्हर्टर पंखे आणि दिवे ओढतो, कुलर नाही. त्या वेळी मी नवीन काही वाचत नाही, मराठी व्याकरणाचे जुने प्रश्न लिहून काढते, म्हणजे झोप हाताला लागत नाही. पावसाळ्यात उलटं: कुलर लावला की वह्या दमट आणि अंग चिकट, बंद केला की घाम. वायफाय दुपारी दोननंतर नावापुरतं, स्वतःचा डेटा ठेवा. मुलींचं बाथरूम स्वच्छ असतं, पण आतली कडी कित्येक महिने ढिली आहे. सांगितलं की "करतो ना बेटा", एवढंच.

रविवारी टेस्ट असते, फी वेगळी नाही. १०० प्रश्न, ९० मिनिटं, ओएमआर शीट (गोल काळे करायची उत्तरपत्रिका), काका स्वतः घड्याळ घेऊन उभे. पोलीस भरतीला हे अगदी जुळतं. तलाठीवाल्यांना निम्मंच कामाचं, कारण २०२३ ची तलाठी परीक्षा कॉम्प्युटरवर झाली होती: १०० प्रश्न, २०० गुण, दोन तास. इथे कॉम्प्युटर एकही नाही. त्या भरतीला ४६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज होते, आणि राखीव प्रवर्गाची फी ९००, खुल्याची १०००. म्हणजे एका फॉर्मच्या पैशात इथे दीड महिना बसता येतं. फॉर्म भरताना मी आता हा हिशेब करते, आणि जाहिरात दिसली की भर, हे बंद केलंय.

फुकटचा पर्याय सार्वजनिक वाचनालयाचा. पेपर भरपूर, माणसं चांगली, पण सकाळी काही तास आणि संध्याकाळी काही तास उघडं; मधल्या वेळात गावाकडच्या पोरीने बसायचं कुठे? दारव्ह्यातच राहत असाल तर मात्र आधी तेच करा.

फीबद्दल एक भांडणाचा मुद्दा होता. सोयाबीनच्या सोंगणीत आणि नंतर कापूस वेचायला मजूर मिळत नाहीत, घरच्यांना जावंच लागतं. मीही जाते. पाटीवर "फी परत मिळणार नाही" असं ठळक अक्षरात. काकांशी बोलले. ते स्वतः शेतीवाले, म्हणाले, "पैसे देत नाही, दिवस देतो." गेलेले दिवस पुढच्या महिन्यात जोडून दिले. पण हे बोलूनच करून घ्यावं लागतं. जी गप्प बसते तिचे दिवस जातात.

पाचपैकी साडेतीन देईन. कडी बसवली तर चार.

जागा बघायला जाणार असाल तर दुपारी तीनला जा, तेही लाइट नसताना. सकाळी सगळ्याच अभ्यासिका बऱ्या दिसतात. खिडकीची खुर्ची मागा, कुलरसमोरची घेऊ नका. आणि भरतीची जाहिरात निघायच्या आधी जा, नंतर काका फक्त वेटिंगच्या वहीत नाव लिहून घेतात.