क्लेम पास झाला, गाडी दुरुस्त झाली, पण बंपरच्या क्लिपा... (७ महिन्यांनंतरचा अनुभव)

खरं तर हे तीन महिन्यांपूर्वीच लिहिणार होतो, तेव्हा आळस केला. पण मागच्या आठवड्यात पुढच्या बंपरचा डावा कोपरा तिसऱ्यांदा बाहेर आला आणि पूर्ण रस्ताभर फडफड फडफड ऐकत घरी आलो, मग म्हटलं आता लिहूनच टाकू.

अपघात म्हणावा असं काही नव्हतंच. रांगेत हळूहळू सरकत होतो, पुढच्याने ब्रेक मारला, मी अर्ध्या सेकंदाने उशिरा मारला. त्याच्या गाडीला मागे टो-हुक (दुसरी गाडी ओढायचा लोखंडी आकडा) होता. तो बरोबर माझ्या नंबरप्लेटच्या मधोमध घुसला. त्याच्या गाडीला ओरखडा सुद्धा नाही, हुकवरची धूळ गेली एवढंच. तो माणूस खाली उतरला, बघितलं, "माझं काही नाही, तुमचंच बघा" म्हणून निघून गेला. चूक माझीच होती त्यामुळे वाद घालायला पण जागा नाही.

बाहेरून बघितलं तर नंबरप्लेट वाकडी, ग्रिल तडकलेली, बंपरच्या मध्ये खड्डा. मार मध्ये बसला तरी दोन्ही कोपरे लॉकमधून निसटले होते, कारण मध्ये दाबलं की कडा बाहेर ओढल्या जातात. हे तेव्हा माझ्या लक्षात नाही आलं, मी हाताने दाबून बसवले आणि खूश झालो.

पहिला धडा फोटोंचा. मी तीन फोटो काढले, तिन्ही इतक्या जवळून की भिंत आहे का गाडी आहे ते कळू नये. सर्व्हेअरने (इन्शुरन्स कंपनीतर्फे नुकसान तपासणारा माणूस) दुसऱ्या दिवशी मागितले ते पूर्ण गाडी दिसणारे, नंबर वाचता येणारे, जागेवरचे. गाडी तर घरी आणलेली. शेवटी चार प्रश्न जास्त विचारले आणि सोडून दिलं. तुम्ही आधी लांबून काढा, मग जवळ जा.

वर्कशॉपमध्ये सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने एस्टिमेट दिलं त्यात बंपर, ग्रिल, आतला फोम, आणि डावा हेडलाइट अख्खा नवीन. हेडलाइट का तर त्याचा पाठीमागचा एक कान (ज्याने तो बॉडीला अडकतो) तुटलाय. मी म्हटलं घ्या, कॅशलेस आहे, म्हणजे बिल थेट इन्शुरन्स कंपनी देईल.

आणि मग आला सर्व्हेअर. पहिल्या भेटीतच मला त्याचा राग आला हे कबूल करतो. बंपर खोलल्याशिवाय काही मंजूर करणार नाही म्हणाला, खोलायला त्या दिवशी माणूस नव्हता, मग दोन दिवसांनी परत या. परत आल्यावर हेडलाइटवर काट मारली, म्हणे काच शाबूत आहे, फक्त कान तुटलाय, कानाचं रिपेअर किट मिळतं ते लावा. मी तिथेच आवाज चढवला. हप्ता भरताना तुम्ही काही काटत नाही, देताना बरं सुचतं वगैरे वगैरे. तो शांतपणे ऐकून घेऊन फॉर्म भरत बसला. घरी येऊन बायकोला सांगितलं की इन्शुरन्सवाले म्हणजे एक नंबर चिकट.

आता इथे मत बदललं ते सांगतो. बिल आल्यावर पॉलिसी पहिल्यांदा नीट वाचली (हो, पहिल्यांदाच, हसू नका). माझ्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या पार्टवर निम्मा घसारा (पार्ट जुना झाला म्हणून होणारी वजावट) कापतात. आणि आजकालच्या हेडलाइटची काच ही काच नसतेच, पॉलिकार्बोनेट असतं, घर पण प्लॅस्टिकचं. म्हणजे नवीन हेडलाइटच्या किमतीतले अर्धे माझ्या खिशातून जाणार होते! मी ज्याच्यासाठी भांडत होतो तो माझाच खर्च होता. किट लावलेला हेडलाइट आज सात महिने झाले, हलत नाही, पाणी शिरत नाही, काही नाही. सर्व्हेअर साहेब, माफ करा, तुम्ही हे वाचत नसाल तरी.

अजून एक काम त्याच्यामुळेच झालं. खोलल्यावर कळलं की बंपरच्या मागचा लोखंडी बार आत गेलाय आणि रडारचं (समोरची गाडी ओळखून आपोआप ब्रेक मारायला लावणारं यंत्र) ब्रॅकेट त्याच्यासोबत तिरकं झालंय. वर्कशॉपवाला ब्रॅकेट हाताने सरळ करून मोकळा होणार होता. सर्व्हेअर म्हणाला स्कॅन करा, कॅलिब्रेशनचा (रडार बरोबर समोर बघतोय ना ते तपासून जुळवल्याचा) रिपोर्ट द्या, पुरवणी एस्टिमेटमध्ये टाका, मी मंजूर करतो. त्या वेळी मला वाटलं अजून चार दिवस गेले. नंतर हिशोब केला, रडार १ अंशाने जरी फिरला तरी १०० मीटरवर जवळपास पावणेदोन मीटर बाजूला बघणार. म्हणजे शेजारच्या लेनमधल्या गाडीसाठी माझी गाडी ब्रेक मारू शकते आणि समोरची कदाचित दिसणारच नाही. त्यामुळे ज्यांच्या गाडीत पुढे रडार आहे त्यांनी बंपर निघाला की कॅलिब्रेशनचा कागद मागायचाच. डॅशबोर्डवर वॉर्निंग लाइट पेटत नाही म्हणजे सगळं ठीक असं नसतं.

पेंटबद्दल फार लिहीत नाही. रंग थोडा वेगळा दिसतो, बारकाईने बघितलं तर. फॅक्टरीत पत्र्याची बॉडी १४० अंशांच्या आसपास भाजतात, वर्कशॉपच्या बूथमध्ये ६० च्या आसपास, कारण तयार गाडीतलं प्लॅस्टिक आणि वायरिंग त्याहून जास्त सोसणार नाही. त्यात मेटॅलिक रंगातली चमकी कशी बसेल ते मारणाऱ्याच्या हातावर. आणि बऱ्याच नवीन गाड्यांमध्ये सुद्धा बंपर आणि फेंडर थोडे वेगळे दिसतातच, जाऊन बघा स्वतःची. पेंटरने काम चांगलं केलंय. त्याला पूर्ण मार्क.

आता पैशाचं. रक्कम सांगून उपयोग नाही, गाडीगणिक बदलते, म्हणून १०० चं बिल धरा. त्यात प्लॅस्टिकचे पार्ट ४०, लोखंडी आणि बाकीचे २०, लेबर आणि पेंट ३६, आणि "किरकोळ सामान" ४. प्लॅस्टिकवर निम्मे म्हणजे २० माझे. लोखंडावर गाडीच्या वयाप्रमाणे ३ माझे. डिडक्टिबल (प्रत्येक क्लेममध्ये आपण भरायची ठरलेली रक्कम) १० माझे. किरकोळ सामान पॉलिसीत बसत नाही म्हणून ४ चे ४ माझे. झाले ३७. कॅशलेस गाडी आणायला गेलो आणि काउंटरवर कार्ड घासून आलो.

कंपनीने दिले ६३. ठीक आहे, वाईट नाही असं वाटलं. मग दोन महिन्यांपूर्वी रिन्यूअल आलं आणि नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) उडालेला. त्याचा फटका याच हिशोबात २८ चा. बोनस परत पायरीपायरीने चढतो, त्यामुळे पुढच्या वर्षी पण साधारण १४ जास्त जातील. म्हणजे ६३ मधून ४२ गेले, हातात राहिले २१. आणि त्या २१ साठी गाडी २४ दिवस वर्कशॉपला, त्यातले १२ दिवस फक्त ग्रिल यायची वाट बघण्यात, ऑफिसला जायचा यायचा खर्च वेगळा. तो मी मोजलाय पण इथे लिहीत नाही, बायको वाचते. बार आणि रडार निघाले नसते, नुसता बंपर आणि ग्रिल असती, तर हा क्लेम शंभर टक्के तोट्यात गेला असता. मेव्हणा पहिल्या दिवशीच म्हणाला होता की आधी बाहेरून एक कोटेशन घे, रिन्यूअलचा आकडा विचार, मग क्लेम टाक. मी म्हटलं दरवर्षी भरतो ते कशाला मग.

हे सगळं मी सोडून दिलं असतं. खरंच. पण क्लिपा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बंपर कडेला ब्रॅकेटमध्ये अडकतो आणि वर, खाली, चाकाच्या वरच्या अस्तराला प्लॅस्टिकच्या क्लिपांनी धरलेला असतो. दोन तुकड्यांची बोटाच्या पेराएवढी वस्तू. मधली पिन दाबली की बाहेरचे पाय फाकतात आणि भोकात घट्ट बसतात. काढताना पिन आधी वर उचलायची असते, मग ती अलगद निघते. पण घाईत स्क्रूड्रायव्हर घालून उपटली की पाय पांढरे पडतात, मोडतात, आणि मग परत बसवली तरी ती नुसती शोभेला.

डिलिव्हरीनंतर पाच आठवड्यांनी हायवेवर डावीकडून फडफड. बघितलं तर कोपरा करंगळी जाईल एवढा बाहेर. वर्कशॉपला नेलं, पोराने तळहाताने धाडकन मारून बसवला, "झालं सर". चौथ्या महिन्यात गाडी धुताना परत. परत तेच, धाडकन, "झालं सर". मी विचारलं अरे क्लिपा नवीन टाकल्यात ना? अ‍ॅडव्हायझर म्हणाला हो सर, पण ते कंझ्युमेबलमध्ये (वापरून संपणाऱ्या किरकोळ वस्तूंमध्ये) येतं, त्याला वॉरंटी नसते. वॉरंटी नको रे बाबा, आहेत का ते सांग!

घरी येऊन बिल काढलं. चौथ्या पानावर, किरकोळ सामानात, "क्लिप, १० नग". म्हणजे त्या ४ मधल्याच, पूर्ण पैसे मी भरलेल्या.

मागच्या आठवड्यात तिसऱ्यांदा निघाल्यावर मी सकाळी सकाळी जाऊन बसलो आणि सांगितलं की माझ्यासमोर खोला, नाही तर मी उठत नाही. तिथे एक वयस्कर फिटर आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात, ते आले. चाकं वळवून घेतली, अस्तर सोडवलं, टॉर्च मारला आणि काही न बोलता मला वाकायला सांगितलं. आम्ही दोघांनी मिळून मोजलं. १० जागा. नवीन क्लिपा ३. जुन्या, पाय पांढरे पडलेल्या ४. दोन भोकं रिकामी. आणि एका ठिकाणी चक्क स्क्रू, नव्याकोऱ्या रंगवलेल्या बंपरच्या कडेतून आरपार. वर साइड ब्रॅकेटचा एक खाच तडकलेला, जो मुळात कुणी बघितलाच नव्हता, एस्टिमेटमध्ये पण नाही, पुरवणीत पण नाही.

मी काकांना म्हटलं, एवढा रडार बसवला, बार बसवला, आणि क्लिपेला कंजूषी? तर ते म्हणाले, "साहेब, रडार सर्व्हेअर परत येऊन बघतो. क्लिप कोण बघतंय."

हे वाक्य ऐकलं आणि मला सगळं बिल परत डोळ्यासमोर आलं. ज्या ज्या गोष्टीचे पैसे कंपनी देत होती ती प्रत्येक गोष्ट बसली होती, कारण शेवटी तपासणीला सर्व्हेअर आला होता, जुने पार्ट मोजले होते, फोटो घेतले होते. आणि ज्या एका गोष्टीचे पूर्ण पैसे मी दिले तिथे मीच बघितलं नाही. डिलिव्हरीच्या दिवशी मी काय केलं तर समाधानपत्रावर सही केली, गाडी धुतलेली छान दिसतेय म्हणालो आणि निघालो. वाकून बघायला पाच मिनिटं लागली असती. त्यामुळे आता कुणी विचारलं तर मी एकच सांगतो, सही करायच्या आधी खाली वाका, कोपऱ्याला बोट लावून ओढून बघा, आणि किरकोळ सामानाचं पान हातात घेऊन एकेक नग दाखवायला लावा. लाज वाटते, मला पण वाटली असती.

मॅनेजरकडे गेलो तेव्हा आधी तेच, कंझ्युमेबल आहे, सात महिने झाले. मी बिलाचं पान आणि काकांच्या टॉर्चच्या उजेडात काढलेले फोटो पुढे केले. (या वेळी आधी लांबून काढले, मग जवळून.) मग गप्प बसला. नवीन क्लिपांचं १० चं पाकीट फुकट आणि लेबर फुकट असं ठरलं. ब्रॅकेटचे पैसे मात्र मी दिले, कारण ते बिलात नव्हतंच, तिथे माझं बोलणं टिकलं नसतं. अगदी स्वस्त पार्ट आहे, एस्टिमेटमध्ये असता तर सर्व्हेअरने डोळे झाकून टाकला असता. स्क्रूचं भोक तसंच राहिलं, खालून आहे म्हणून दिसत नाही, मला रोज दिसतं.

एवढं भांडूनही पुढच्या कामाला त्याच वर्कशॉपला जाणार का? काका तिथे असतील तर जाईन, नसतील तर नाही. इन्शुरन्स कंपनी बदलणार होतो, ती बदलली नाही. आणि टो-हुकवाल्या गाडीच्या मागे मी आता दीड गाडी अंतर ठेवतो, मागचे हॉर्न मारोत.

काकांनी ७ क्लिपा बसवल्या, मी प्रत्येक वेळी टक आवाज ऐकला. उरलेल्या ३ पाकिटासकट माझ्या हातात दिल्या. त्या डॅशबोर्डच्या खणात ठेवल्यात. काल बायकोने टिशू शोधताना पाकीट काढलं आणि विचारलं हे काय, म्हटलं या वर्षीचा बोनस.