टॅक्स सल्ला पॅकेज, ९९९ रुपये: पगारदार माणसाने घ्यावं का?

५ पैकी ३ स्टार. त्यातले दोन एकट्या एका मॅडमचे आहेत, त्या नसत्या तर एकावरच भागवलं असतं. नाव घेत नाही कारण आमच्या कंपनीनेच या पॅकेजवाल्यांशी टायअप केलंय आणि मला अजून बरीच वर्षं तिथेच पंचिंग करायचंय. तसंही नावाने फारसा फरक पडत नाही, २०२५ च्या बजेटनंतर अशी पॅकेजं पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी जिकडेतिकडे उगवलीत, एचआरचा मेल येतो की एम्प्लॉयींसाठी खास रेट, एक कॉल, एक रिपोर्ट, ९९९ फक्त, आणि आपण घेतो कारण एप्रिलमध्ये तो डिक्लेरेशनचा फॉर्म समोर आला की भल्याभल्यांची गोची होते, जुनी रिजिम का नवी, म्हणजे टॅक्स वजावटीवाल्या जुन्या पद्धतीने मोजायचा का कमी दराच्या नव्या.

आधी मुद्दा काय होता ते सांगतो. १ फेब्रुवारी २०२५ ला निर्मला सीतारामन यांनी बजेटमध्ये १२ लाखापर्यंत टॅक्स नाही असं जाहीर केलं, शनिवार होता, आमच्या चाकणच्या ग्रुपवर तासभर नुसते पेढ्यांचे फोटो. पण अर्ध्या लोकांना वाटलं की कितीही पगार असो पहिले १२ लाख माफ आणि वरच्यावर टॅक्स. तसं अजिबात नाहीये राव. हे नव्या रिजिमपुरतं आहे आणि तिचे स्लॅब, म्हणजे उत्पन्नाचे टप्पे, वेगळे आहेत, ४ लाखापर्यंत शून्य, ४ ते ८ ला ५ टक्के, ८ ते १२ ला १० टक्के, मग १५, २०, २५ असं चढत २४ लाखाच्या वर ३० टक्के. १२ लाखापर्यंत जो ६० हजार टॅक्स होतो तो ८७ए कलमाच्या रिबेटने, म्हणजे टॅक्समधल्या सवलतीने, माफ होतो. पगारदाराला ७५ हजाराचं स्टँडर्ड डिडक्शन (पावती न मागता मिळणारी वजावट) वेगळं मिळतं म्हणून १२.७५ लाख. त्याच्यावर गेलात की रिबेट गेला. म्हणजे ज्याचं टॅक्सेबल उत्पन्न १६ लाख आहे त्याला नुसत्या वरच्या ४ लाखावर नाही, सगळ्या स्लॅबने मिळून १ लाख २० हजार टॅक्स बसतो. २०२४-२५ मध्ये तो १ लाख ७० हजार होता त्यामुळे वाचले ५० हजार, ते काही कमी नाहीत, पण पेढे वाटताना लोकांच्या डोक्यात आकडा वेगळाच होता.

आता सर्व्हिस. पैसे भरले की एक लिंक येते, त्यात पगारस्लिप, फॉर्म १६, होम लोनचं सर्टिफिकेट वगैरे अपलोड करायचं. हा भाग चांगलाय, मोबाईलवरून नीट होतो, मराठी पर्याय पण आहे (भाषांतर कुणी केलंय देव जाणे, पण समजतं). मग कॉलची वेळ मिळते. पहिला कॉल एका मुलाचा आला, आवाजावरून नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला वाटत होता, बिचाऱ्याचा दोष नाही, समोर स्क्रिप्ट होती ती वाचत होता. "सर तुमच्यासाठी नवी रिजिम बेनिफिशियल आहे." बरं, का? "सर कारण टॅक्स कमी येतोय." हे मला इन्कम टॅक्स खात्याच्या वेबसाईटवरच्या फुकटच्या कॅल्क्युलेटरने आधीच सांगितलं होतं, लॉगिनसुद्धा लागत नाही, पगार टाका, वजावटी टाका, दोन्हीचे आकडे शेजारी शेजारी दिसतात. चहा संपायच्या आत काम होतं.

आकडे सांगतो म्हणजे कळेल. सीटीसी (कंपनीचा आपल्यावरचा एकूण खर्च) सोडा, तो दाखवायचा आकडा, त्यातलं कंपनीचं पीएफ आणि ग्रॅच्युइटी वजा केली की माझा ग्रॉस १३ लाख ४० हजार. जुन्या रिजिममध्ये ८०सी चे (पीएफ, विमा असल्या बचतीचे) दीड लाख, घराच्या कर्जाचं व्याज २ लाख, मेडिक्लेमचे २५ हजार, ५० हजार स्टँडर्ड डिडक्शन आणि प्रोफेशनल टॅक्सचे अडीच हजार, हे सगळं करून टॅक्स येतो ९८,८००. नव्यात काहीच न करता ६७,६००. म्हणजे होम लोन असूनसुद्धा नवी स्वस्त. एचआरए (घरभाडं भत्ता) घेणाऱ्यांचं गणित वेगळं येऊ शकतं, पुण्या-मुंबईत मोठं भाडं भरणाऱ्यांनी आणि सोबत बाकीच्या वजावटी पण असणाऱ्यांनी दोन्ही करून बघाच, आंधळेपणाने नवी टिक करू नका.

इथपर्यंत ठीक होतं, पुढे जे झालं त्याचा एक स्टार कापलाय. नवी रिजिम घ्या म्हणून सांगून झालं आणि त्याच कॉलमध्ये, त्याच श्वासात, साहेबांनी पॉलिसी काढली. "सर टॅक्स सेव्हिंगसाठी आपला एक प्लॅन आहे, वर्षाला फक्त ६० हजार." मी म्हटलं अरे बाबा, नव्या रिजिममध्ये ८०सी आहे कुठे? तिथे एलआयसी, पीपीएफ, ईएलएसएस, मेडिक्लेम कशाचीच वजावट मिळत नाही, ही तर नव्या रिजिमची पहिली अट. दोन सेकंद शांतता. मग म्हणे सर फ्युचर सिक्युरिटी. मग मेडिक्लेम काढला, आजच घ्या, ऑफर आहे. नाही घेतला ते बरं झालं, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून स्वतःच्या हेल्थ आणि लाईफ पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटीच काढून टाकला. मेडिक्लेम घेऊ नका असं म्हणत नाहीये, घ्याच, आजारपणासाठी घ्या. पण नवी रिजिम घेतलेल्या माणसाला कुणी टॅक्स वाचवायला पॉलिसी विकत असेल तर तो सल्लागार नाही, एजंट आहे. रिपोर्ट म्हणून जी पीडीएफ आली त्यातही चार पानं माझ्या आकड्यांची आणि सहा पानं प्लॅनच्या जाहिरातीची.

मी तक्रार टाकली, खरं तर पैसे परत मागितले. पैसे नाही आले पण सिनियरचा कॉल आला. आणि या मॅडम म्हणजे, काय सांगू, असा माणूस पहिल्या कॉलला दिला तर ९९९ काय दोन हजार घ्या. आवाजावरून पन्नाशीच्या असतील, आधी कुठेतरी ऑडिटला असाव्यात. त्यांनी पगारस्लिप उघडली आणि पहिला प्रश्न, "अहो, तुमचा बेसिक ५० हजार आहे ना? कंपनीत एनपीएसची सोय आहे का?" एनपीएस म्हणजे सरकारची ती पेन्शन योजना.

आता हे नीट वाचा, कारण १२.७५ लाखाच्या जरा वर असणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे. माझं टॅक्सेबल उत्पन्न येतं १२ लाख ६५ हजार. स्लॅबने टॅक्स होतो ६९,७५०. पण कायद्यात मार्जिनल रिलीफ आहे, म्हणजे १२ लाखाच्या वर जेवढं उत्पन्न, त्यापेक्षा जास्त टॅक्स घेत नाहीत. म्हणून माझा टॅक्स ६५ हजार, वर ४ टक्के सेस (टॅक्सवरचा जादा आकार), ६७,६००. लक्षात आलं का काय होतंय? १२ लाखाच्या वरचे माझे ६५ हजार आहेत, आणि ते सगळेच्या सगळे सरकारजमा, वर सेसचे २,६०० माझ्या खिशातून. मला जर कंपनीने ६५ हजार कमी पगार दिला असता तर माझ्या हातात २,६०० रुपये जास्त आले असते. हसावं का रडावं.

मॅडमचा उपाय असा, कंपनीला सांगा की सीटीसी तेवढाच ठेवा, पण त्यातले ६५ हजार माझ्या नावाने एनपीएसमध्ये एम्प्लॉयरचं काँट्रिब्युशन म्हणून भरा. बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत हे चालतं, माझ्या केसमध्ये वर्षाला ८४ हजार, आणि ही वजावट नव्या रिजिममध्येसुद्धा मिळते, ८०सीसीडी(२). आपण स्वतः भरलेल्याला नाही हां, कंपनीने भरलेल्यालाच. उत्पन्न बरोबर १२ लाखावर, टॅक्स शून्य. हातात येणारा पगार कमी तर झालाच नाही, वर्षाचे २,६०० वाढले, आणि ६५ हजार एनपीएसला. ते बरीच वर्षं अडकतात, नंतरही सगळे एकदम मिळत नाहीत, काही भागाची पेन्शन घ्यावी लागते, ज्याला पोरीच्या ॲडमिशनला पैसे लागणार आहेत त्याला हा उपाय जाचक वाटेल. पण माझ्यासारख्याला पर्याय काय होता, ते पैसे तसेही जाणारच होते.

अट एकच, कंपनीची एनपीएसला नोंदणी पाहिजे आणि पगाराची मांडणी बदलायला एचआर तयार पाहिजे. आमच्याकडे नोंदणी होती पण कुणाला माहितीच नव्हतं, पेरोलवाल्या पोराने आधी "असं काही नसतं सर" म्हणून परत पाठवलं, मग मॅडमनी दिलेला कलमाचा उल्लेख मेलमध्ये टाकला तेव्हा हललं. आता आमच्या लाईनवर या पट्ट्यातले बरेच जण तेच करतायत. हा पट्टा साधारण १२ लाख ७० हजार टॅक्सेबलपर्यंत आहे, त्याच्यापुढे मार्जिनल रिलीफ संपतो आणि नेहमीचे स्लॅब लागतात, तिथे फायदा एवढा टोकाचा नाही.

आईचं पण विचारलं, त्याचे वेगळे पैसे नाही घेतले. आईची बँकेत एफडी आणि सिनियर सिटिझन स्कीम, तिला दरवर्षी बँक टीडीएस, म्हणजे व्याजातून आधीच टॅक्स, कापायची आणि मग रिटर्न भरून रिफंडची वाट बघायची. बजेटमध्ये सिनियर लोकांसाठी व्याजावरच्या टीडीएसची मर्यादा ५० हजाराची १ लाख केली, पण आईचं व्याज त्याच्याही वर जातं. मॅडम म्हणाल्या, "आईंचा एकूण टॅक्स शून्य येतोय ना, मग १५एच भरून द्या, दर एप्रिलला, विसरू नका." म्हणजे टॅक्स कापू नका असं बँकेला सांगणारा फॉर्म. दिला. नाहीतर आईला वाटतं बँकवालेच पैसे खातात.

आमच्यातला एकजण शेअर्स करतो, त्याला पण मी त्यांच्याकडेच पाठवला. पगार ९ लाख, म्हणजे निवांत, असं त्याला वाटत होतं. वर्षाच्या आत शेअर विकून झालेल्या शॉर्ट टर्म नफ्यावर २० टक्के टॅक्स आहेच आणि त्याला हा १२ लाखवाला रिबेट लागत नाही, बजेटमध्येच तसं स्पष्ट केलंय. पठ्ठ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पगाराचं म्हणाल तर या बजेटने पगार वाढवलेला नाही, कापणं कमी केलंय, दोन्ही एक नाही. आणि हे कंपन्यांना आपल्याआधी कळतं. आमच्या इन्क्रिमेंटच्या मीटिंगला मॅनेजर हसत हसत म्हणाला, "अरे यंदा सरकारनेच दिलंय की तुम्हाला." गंमत म्हणून म्हणाला, पत्र हातात आलं तेव्हा गंमत नव्हती. ज्यांचा टॅक्स वाचला त्यांचा निदान हिशोब जुळतो. आमच्याच कंपनीत काँट्रॅक्टवर जी पोरं आहेत, महिन्याला १६-१७ हजारवाली, ती कधी टॅक्सच्या कक्षेतच नव्हती, त्यांना १२ लाख काय आणि २० लाख काय. घरी भांड्याला येणाऱ्या मावशी मला विचारत होत्या, दादा बजेटमध्ये आमचं काय झालं. त्यांचं राज्याच्या बजेटमध्ये होतं, मार्च २०२५ मध्ये, लाडकी बहीणसाठी ३६ हजार कोटी ठेवले पण निवडणुकीत सांगितलेले २१०० काही झाले नाहीत, १५०० वरच राहिलं. मावशींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या मग तुम्हीच वाढवा आता. वाढवले, काय करणार.

बरं, घ्यावं का हे पॅकेज. टॅक्सेबल उत्पन्न १२ लाखाच्या आत आहे, दुसरं काही उत्पन्न नाही, तर ९९९ वाचवा, खात्याचा कॅल्क्युलेटर फुकट आहे. १२.७५ ते साडेतेराच्या मधे ग्रॉस आहे, किंवा शेअर्स, दुसरं घर, भाडं असलं काही आहे, तर घ्या, पण बुकिंग करतानाच रिमार्कच्या चौकटीत लिहा की सिनियर कन्सल्टंटच पाहिजे, नाहीतर स्क्रिप्टवालं पोरगं येतं. आणि पॉलिसीला सरळ नाही म्हणा, नंतर आठवडाभर फोन येत राहतात, मी दोन नंबर ब्लॉक केलेत. रिटर्न भरायचे ते वेगळे १,४९९ मागतात, ते घेऊ नका, नुसता पगार असेल तर पोर्टलवर आकडे आधीच भरलेले येतात, तपासून सबमिट करायचं, घरातल्या कॉलेजच्या पोराला शेजारी बसवा आणि करून टाका.