संथ ट्रोलिंगसाठी जोडीचं मशीन: पेट्रोलवरचं की बॅटरीवरचं?

ट्रोलिंग म्हणजे बोट हळू चालवत मागे गरी ओढत केलेली मासेमारी, आणि जोडीचं मशीन म्हणजे त्यासाठी बोटीच्या मागच्या मोठ्या इंजिनाशेजारी लावायचं छोटं इंजिन. गोव्यात मांडवी नदीत चोणक माशामागे फिरणारा आणि आग्वादच्या बाहेर समुद्रात इसवणासाठी जाणारा, दोघंही हाच प्रश्न विचारतात. उत्तर मात्र दोघांना वेगवेगळं द्यावं लागतं.

आधी गरज आहे का ते बघा. 18-19 फुटी फायबर बोटीचं 60 एचपीचं मशीन नुसतं गिअरमध्ये टाकलं तरी बोट तीनेक नॉटने (एक नॉट म्हणजे ताशी साधारण 1.85 किमी) सरकते. ल्यूअर, म्हणजे खोटं आमिष, ओढायला चार ते सहा नॉट लागतात, म्हणजे तेवढंच करणार असाल तर मोठं मशीन पुरे, पैसे वाचवा. अडतं ते गरीला जिवंत बांगडा लावला की, कारण तिथे एक-दीड नॉटच हवा. काही जण मागे दोरीने बादल्या सोडून वेग पाडतात. उपाय जवळजवळ फुकटचा. पण मासा लागला की आधी बादल्या ओढायच्या की गरी, हा गोंधळ ठरलेला.

बॅटरीवरचं मशीन नदीत सुखाचं. आवाज नाही, वेग अगदी बारीक साधता येतो. 12 व्होल्टचं 55 पौंड थ्रस्टचं (ढकलण्याच्या जोराचं) मशीन पूर्ण जोरावर 50 अँपिअरच्या आसपास खातं. 100 अँपिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये म्हणतात, म्हणजे हाती जेमतेम तासभर. वेग कमी ठेवला तर बराच जास्त वेळ मिळतो. लिथियम महाग, पण वजन निम्म्याहून कमी. उधाणाच्या ओहोटीत, प्रवाहाविरुद्ध मात्र हे मशीन जागच्या जागी फिरत राहतं. खाऱ्या पाण्यासाठी बनवलेलंच घ्या.

समुद्रात जाणार असाल तर माझं मत सरळ आहे: पेट्रोलवरचं, फोर-स्ट्रोक, 6 एचपी. टू-स्ट्रोक तासन्‌तास हळू चालवलं की प्लग काळे पडतात. 4, 5 आणि 6 एचपी बऱ्याच कंपन्यांत एकाच ब्लॉकवर येतात, वजनही तेच, साधारण 25 किलो. मग कमी कशाला घ्या? 9.9 एचपी चाळीसेक किलोचं. ते 22 फुटांपुढच्या बोटीला, आणि तेही कमी पिचच्या (एका फेरीत बोट कमी पुढे ढकलणाऱ्या), मोठ्या पंख्यासह.

एचपीपेक्षा शाफ्टकडे, म्हणजे मशीनपासून खाली पंख्यापर्यंतच्या दांड्याच्या लांबीकडे, जास्त लक्ष द्या. मी स्वस्तात मिळालं म्हणून 15 इंची शाफ्टचं जुनं मशीन घेतलं होतं. नदीत ठीक चाललं. बाहेर प्रत्येक लाटेला पंखा हवेत, मशीन किंचाळतंय! ट्रान्सम, म्हणजे मशीन बसतं ती बोटीची मागची भिंत, 20 इंच उंच असेल तर किमान 20 इंची शाफ्ट, आणि मशीन एका कडेला बसत असल्याने 25 इंची मिळाला तर उत्तमच.

ब्रॅकेट आरपार बोल्टने, आतून जाड फळी देऊन बसवा. नुसते स्क्रू लाटांच्या हादऱ्याने सैल होतात. मशीन कडेला असलं की बोट एका बाजूला ओढली जाते. त्यावर सोपी युक्ती म्हणजे मोठं मशीन बंद करून पाण्यातच खाली ठेवायचं, छोटं सरळ घट्ट करायचं आणि स्टिअरिंगने मोठं वळवायचं. ते सुकाणूचं काम करतं. पेट्रोलची नळी वेगळी आणि तिच्यावर पाणी गाळणारा फिल्टर हवाच. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये दमट हवेतलं पाणी फार लवकर उतरतं.

बोल्ट आवळण्याआधी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून मोठं मशीन छोट्याला घासत नाही ना, हे किनाऱ्यावरच तपासा. आणि छोट्याला एक जाड दोरी बोटीशी बांधून ठेवा, ब्रॅकेट कितीही भक्कम असलं तरी.