होनस वॅग्नरचे सिगारेट-कार्ड : नारिंगी पार्श्वभूमीवरचा शॉर्टस्टॉप

अमेरिकन टोबॅको कंपनीने 1909 ते 1911 या काळात सिगारेटच्या पाकिटांतून वाटलेल्या बेसबॉल कार्डांच्या मालिकेत, जिला संग्राहक आज टी-206 म्हणून ओळखतात, पिट्सबर्ग संघाचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) होनस वॅग्नर याचे कार्ड सर्वांत प्रसिद्ध आहे. जेमतेम पावणेचार सेंटिमीटर रुंद असलेल्या या शिळाछापी पुठ्ठ्यावर सपाट नारिंगी पार्श्वभूमी, मधोमध भांग पाडलेले केस आणि किंचित बाजूला वळलेली नजर दिसते. खाली शहराचे नाव ‘पिट्सबर्ग’ हे शेवटच्या ‘एच’शिवाय छापले आहे, ती मुद्रणदोषाची खूण नव्हे, कारण 1911 पर्यंत सरकारी स्पेलिंग तेच होते.

चित्र सुबक आहे खरे, पण खेळाडूला न्याय देत नाही. नॅशनल लीग या अमेरिकी व्यावसायिक बेसबॉल साखळीत आठ वेळा फलंदाजीत अव्वल ठरलेल्या आणि 1936 साली हॉल ऑफ फेम या बेसबॉलच्या सन्मान-दालनाच्या पहिल्या पाच मानकऱ्यांत निवडल्या गेलेल्या या गड्याचे बाकदार पाय आणि दांडगे पंजे छातीपर्यंतच्या चौकटीत मावतच नाहीत.

वॅग्नरच्या हरकतीमुळे छपाई थांबली, असे सांगतात; तंबाखूचा तिटकारा की मोबदल्याचा वाद, यावर मतभेद आहेत. 2022 मध्ये एक प्रत साडेबहात्तर लाख डॉलरला विकली गेली, ही किंमत चित्राची नसून दुर्मीळतेची आहे. स्वस्तात मिळणारी प्रत बहुधा पुनर्मुद्रणच असते, तेव्हा घेण्याआधी मागची सिगारेटची जाहिरात आणि कडा भिंगाखाली पाहाव्यात.