पहिलं चित्र कोणतं घ्यावं: कॅनव्हास, मुद्राचित्र की अझुलेजो टाइल?

पर्वरीत किंवा फोंड्यात नवा फ्लॅट घेतलाय, सोफ्यामागची भिंत रिकामी आहे, आणि फर्निचरच्या दुकानातलं तयार 'वॉल आर्ट' तिथे लावायचं नाही, एवढं ठरलंय. पुढे गाडी अडते ती 'मला चित्रातलं काय कळतं?' इथे. ते कळायला वेळ लागतोच. पण गोव्यात आधी भिंतीचं विचारा: पावसाळ्यात तिला ओल येते का? इथे वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि पश्चिमेकडच्या भिंती तर सपाटून भिजतात. गणेशचवथीआधी घराला रंग देताना जी भिंत दर वर्षी पोपडे धरते, तिच्यावर कॅनव्हास नको आणि कागद तर मुळीच नको. हे एकदा कळलं की निवड निम्मी सोपी होते.

कॅनव्हासवरचं मूळ चित्र घ्यायचं तर ओळखीच्या नावांमागे धावू नका. सूझा, गायतोंडे, लक्ष्मण पै या नामवंत चित्रकारांची नावं गोव्याशी जोडलेली, म्हणून विक्रेते ती सहज घेतात. 2021 मध्ये गायतोंडेंचं एक चित्र लिलावात 39.98 कोटींना गेलं, याचा तुमच्या दिवाणखान्यातल्या चित्राशी काडीचाही संबंध नाही. 'पुढे भाव वाढेल' हे वाक्य ऐकू आलं की मी तरी दुसऱ्या भिंतीकडे वळतो. नवशिक्याने पणजीत आल्तिनोवरच्या गोवा कला महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनात जावं. हे महाविद्यालय 1972 पासूनचं. विद्यार्थ्यांची कामं एका छताखाली दिसतात आणि चित्रकार समोरच उभा असतो. त्याची आणखी चार कामं दाखवायला सांगा. पुष्कळ चित्रकार चौरस इंचावर भाव लावतात, त्यामुळे एकाच आकाराच्या दोन कामांचे भाव फार वेगळे असतील तर कारण विचारायला लाजू नका. कागदावरचं काम कॅनव्हासपेक्षा स्वस्त असणं मात्र नेहमीचं. विद्यार्थ्याशी घासाघीस करू नये असं माझं मत; परवडत नसेल तर छोटं काम मागावं.

पैसे देण्याआधी चित्र उलटं करून पाहा. चांगल्या चौकटीच्या आतल्या कोपऱ्यांत लाकडी पाचरी असतात. दमट हवेत कॅनव्हास सैल पडला, की त्या हलक्या हाताने ठोकून तो पुन्हा ताणता येतो. चौकट कायमची खिळ्यांनी जाम केलेली असेल तर ती सोय गेली. मग चित्र उजेडात तिरकं धरा. किनाऱ्यावरच्या बाजारांत 'हँडमेड' म्हणून विकले जाणारे काही कॅनव्हास म्हणजे डिजिटल प्रिंटवर पारदर्शक जेलचे फटकारे मारलेले असतात. लबाडी अशी पकडता येते: जेलचा उंचवटा एकीकडे जातो आणि खालच्या नारळाच्या झावळीचा रंग दुसरीकडे. खऱ्या चित्रात फटकारा आणि रंग बरोबरच वळतात.

मुद्राचित्र, म्हणजे एचिंग (धातूच्या पत्र्यावरून घेतलेला ठसा), लिनोकट (लिनोलियमवरून), वुडकट (लाकडावरून), याकडे नवशिके दुर्लक्ष करतात, कारण 'प्रिंट' म्हटलं की त्यांना झेरॉक्स आठवते. खरं तर पहिल्या खरेदीला हाच प्रकार मला सर्वांत बरा वाटतो. चित्रकाराने स्वतः पत्रा, लिनो किंवा लाकडाचा ठोकळा कोरलेला असतो आणि त्यावरून मोजक्याच प्रती काढलेल्या असतात. खालच्या कोऱ्या कडेला पेन्सिलीने 7/25 असं लिहिलेलं असतं, म्हणजे 25 प्रतींतली सातवी, आणि शेजारी पेन्सिलीचीच सही. एचिंग असेल तर चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन दिसतो. सोबत छोटं भिंग न्या. यंत्रावर छापलेल्या प्रतिकृतीत बारीक ठिपके दिसतात, हाताने घेतलेल्या ठशात शाईची सलग रेघ. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांच्या चित्रांचे जे प्रिंट, टाइल आणि कॉफीचे मग ठिकठिकाणी मिळतात, त्यांतले बहुतेक प्रतिकृतीच; आवडत असतील तर खुशाल घ्या, फक्त ते मोजक्या प्रतींचं मुद्राचित्र समजून जादा पैसे मोजू नका.

मुद्राचित्राचा छुपा खर्च फ्रेमचा. कधी कधी फ्रेम चित्राइतक्याच किमतीला पडते, आणि तिथे काटकसर केली तर पावसाळा ती वसूल करतो. कागद काचेला चिकटता कामा नये. मध्ये माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) हवाच, तोही आम्लविरहित बोर्डाचा. साध्या बोर्डामुळे कागदाला पिवळी किनार धरते. फ्रेमच्या मागच्या चारही कोपऱ्यांत फेल्टच्या जाड टिकल्या लावून घ्या, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांत हवा खेळते. कॅनव्हासलाही हेच लागू.

अझुलेजोला यातलं काही लागत नाही. रंगवून भट्टीत भाजलेल्या या टाइल व्हरांड्यात, तुळशीसमोरच्या भिंतीवर, अगदी स्वयंपाकघरातही टिकतात. पणजीत इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनातलं निळं-पांढरं काम फुकट पाहता येतं. एकदा ते पाहिलं की बाजारातली ढिसाळ रेघ लगेच खटकते. विचारायचं एकच: रंग भाजून पक्का केलाय की वरून मारलाय? वरून मारलेला पुसता पुसता जातो. भाड्याच्या घरात टाइल भिंतीत बसवू नका, बोर्डावर लावून फ्रेम करून घ्या. मात्र दारावरच्या नावाच्या पाटीपलीकडे ज्यांना टाइलमध्ये रस नाही, त्यांनी ओढूनताणून घेऊ नये.

आकाराचा अंदाज दुकानात चुकतो. घरी वर्तमानपत्रं चिकटवून तेवढा चौकोन भिंतीवर लावा आणि आठवडाभर राहू द्या. सोफ्याच्या रुंदीच्या दोन तृतीयांश रुंदी बहुधा शोभते, आणि चित्राचा मध्य जमिनीपासून 145 ते 150 सेंटिमीटरवर. आपल्याकडे चित्रं देवांच्या तसबिरींसारखी फार वर टांगायची खोड आहे.

बिलावर चित्रकाराचं नाव, चित्राचं नाव, माध्यम, आकार, वर्ष आणि प्रतीचा क्रमांक लिहून घ्या. आणि घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देत असाल तर आणखी एक: 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र विकत घेतल्याने ते छापायचा हक्क आपोआप मिळत नाही. होमस्टेच्या माहितीपत्रकावर किंवा मेन्यूकार्डावर ते वापरायचं असेल, तर चित्रकाराची लेखी परवानगी खरेदीच्या वेळीच घ्या. तेव्हा ती सहज मिळते.