मागच्या टायरची निवड: किलोमीटर बघावेत की गोलाई?

लांब प्रवासाच्या जड टूरिंग मोटारसायकलला मागचा टायर घ्यायचा म्हटलं की पुण्याच्या नाना पेठेत दोन सल्ले मिळतात. एक, सरसकट कडक रबराचा घ्या, बरेच दिवस बघायला नको. दुसरा, ड्युअल कंपाउंड घ्या, मधे कडक आणि कडांना मऊ. मी दोन्ही वापरलेत, एकाच गाडीवर, मागे बायको आणि दोन्ही बाजूंना भरलेल्या बॅगा घेऊन.

टिकण्यात कडक टायर सरस. माझा १६ हजार किलोमीटर चालला, ड्युअल कंपाउंड ११ हजारांतच झिजेच्या खुणेला टेकला. ज्यांचं जाणं-येणं बहुतेक साताऱ्या-कोल्हापूरच्या सरळ हायवेवर आहे, त्यांनी कडकच घ्यावा.

पण पुण्यातून कुठेही निघा, घाट चुकत नाही. सरळ रस्त्यावर टायर मधल्या पट्ट्यातच घासतो. माझा कडक टायर ९ हजारांनंतर मधे चपटा झाला, कडा मात्र जशाच्या तशा. नक्षी भरपूर, म्हणून बदलायला मन होईना. पसरणीच्या वळणांवर गाडी आधी झुकायलाच तयार नसायची, आणि चपट्या भागाची कड ओलांडली की एकदम आत पडायची. प्रत्येक वळणाला हँडलशी झटापट. पाचगणीला पोचेपर्यंत खांदे भरून आले. बायकोने विचारलं, "आज अशी का चालवतोयस?" मागे बसून तिलाही कळलं होतं. असे आणखी ७ हजार किलोमीटर मी काढले.

ड्युअल कंपाउंडही मधे झिजतोच. पण घाटात त्याच्या मऊ कडाही झिजत राहतात, त्यामुळे गोलाई बरीच टिकते. मला चपटेपणा जाणवला तो शेवटच्या हजारभर किलोमीटरमध्ये. जुलैत ताम्हिणीच्या ओल्या वळणांवर मऊ कडांनी दिलेला भरवसा कडक टायरने कधीच दिला नव्हता. तुमची गाडी, तुमचं वजन वेगळं असेल, अनुभवही थोडा वेगळा येईल.

कुठलाही घ्या, लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, गाडीच्या पुस्तकातल्यापेक्षा कमी नको; ७३ म्हणजे ३६५ किलो. बाजूवरचे चार आकडेही वाचा: २३२४ म्हणजे टायर २०२४ सालच्या २३व्या आठवड्यात बनला. पुढे साधा (आत तिरक्या धाग्यांचा) आणि मागे रेडियल (आडव्या धाग्यांचा) अशी जोडी कंपनीने सांगितली नसेल तर नकोच.

यंदा पावसाच्या आधी मी पुन्हा ड्युअल कंपाउंडच बसवला.